प्रार्थना ताटापर्यंत येऊ द्या



रविवारच्या उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या की भराभर हात वर होतात. कुणाच्या मुलीची बारावी आहे, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, कुणाच्या जावयाची आखातातली नोकरी गेली आहे. शुगरसाठी विनंती येते, बीपीसाठी येते, गुडघ्यांसाठी तर जवळजवळ दर आठवड्याला येते. पण "माझं वजन वाढलंय, खाण्यावर ताबा राहत नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा" असं म्हणायला कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. ज्या गोष्टीमुळे ती शुगर, ते बीपी आणि ते गुडघे बळावतात, तिचंच नाव आपण देवासमोर घेत नाही. एक तर लाज वाटते. दुसरं म्हणजे, एवढीशी गोष्ट देवाकडे काय न्यायची, असंही वाटतं.

मी डॉक्टर नाही आणि पाळकही नाही. भगिनी मंडळात वर्षानुवर्षं काम केलेली आणि घरात मधुमेही माणसाचं ताट रोज वाढणारी बाई आहे. तेवढ्या अधिकारानेच हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. प्रार्थना केल्याने चरबी वितळत नाही. "प्रभू, माझं दहा किलो वजन उतरव" असं मागितलं, आमेन म्हटलं आणि उठून पुन्हा तसंच जेवलं, तर काटा जागचा हलणार नाही. मग माणूस काट्यावर रागावतो, स्वतःवर रागावतो आणि शेवटी देवावरही रागावतो. प्रार्थनेचं काम आहे ते वेगळ्या जागी. खायची इच्छा होते आणि हात डब्याकडे जातो, त्या दोहोंच्या मधे काही क्षण असतात. त्या क्षणी आपण एकटे असतो, म्हणून हरतो. प्रभूला बोलवायचं ते तिथे. सकाळच्या वैयक्तिक भक्तीत पाच मिनिटं वजनाबद्दल बोलून दिवसभर त्याला स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवलं, तर उपयोग नाही.

वजनाची काळजी आपण का करायची, हे थोडक्यात पाहू. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, त्यांचे हातपाय बारीक होते, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं होतं. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपण अंगाने किरकोळ दिसलो तरी पोटावर आणि पोटाच्या आत साठा करून बसलेले असतो, तो असा.

म्हणून भारतीयांसाठी मोजमापं कडक ठेवलेली आहेत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं, २५ च्या पुढे लठ्ठपणा समजायचा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी आणि स्त्रीची ८० च्या आत. शिंप्याकडची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढू नका, तिथे कुणी पाहत नाही. आयसीएमआरची देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या मंडळीतल्या बाकांवरही त्यांतले बरेच जण बसलेले असणार.

पण आशाही आहे, आणि ती फार लांबची नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा तेवढीच हालचाल, आणि सुमारे ७ टक्के वजन उतरवणं, एवढंच उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७ टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसाने साडेपाच किलो उतरवायचे. गुडघेदुखीवाल्यांनी हेही ऐकावं की एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. ज्यांना गुडघे टेकून प्रार्थना करणं सोडावं लागलं आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

विश्वास आणि वजन यांची सांगड घालण्याचा प्रयत्न आपल्याआधी बऱ्याच जणांनी केला आहे, विशेषतः अमेरिकेत. १९५७ साली चार्ली शेड नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकांनी प्रार्थनेने वजन उतरवण्यावर एक पुस्तक लिहिलं आणि ते खूप गाजलं. त्यांनी स्वतःचं बरंच वजन उतरवलं होतं, कळकळ खरी होती. पण वाढलेल्या वजनाला त्यांनी सरळ पाप ठरवलं. पुढे १९८६ मध्ये टेनेसी राज्यातल्या आहारतज्ज्ञ ग्वेन शॅम्ब्लिन यांनी वर्ग सुरू केले, ते पुढे हजारो मंडळ्यांमध्ये पोचले. खरोखर भूक लागेपर्यंत खायचं नाही, पोट भरलं की थांबायचं आणि मनाची भूक देवाकडे न्यायची, ही त्यांची मूळ शिकवण मला आजही पटते. पण हळूहळू जास्त खाणारा माणूस म्हणजे देवाची आज्ञा मोडणारा माणूस, असं होत गेलं. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःचं वेगळं चर्च काढलं, त्रैक्याविषयी निराळंच बोलू लागल्या आणि अनेक मंडळ्यांनी त्यांचे वर्ग बंद केले. जी गोष्ट ताटापासून सुरू झाली, ती माणसांवर हुकूम चालवण्यापर्यंत गेली. आपल्याकडेही कुणी "माझ्या पद्धतीने वजन उतरलं नाही तर तुझा विश्वास कच्चा" असं म्हणू लागलं, तर तिथून निघून या.

तिसरं उदाहरण रिक वॉरेन यांचं. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे हे तेव्हाचे पाळक एका दिवसात आठशेहून अधिक लोकांना बाप्तिस्मा देत होते. एकेकाला पाण्यातून वर उचलताना त्यांच्या लक्षात आलं की आपली मंडळी फार जड झाली आहे, आणि लगेच हेही लक्षात आलं की आपणही झालो आहोत. त्यांनी लोकांना बोल लावला नाही. पुलपिटवरून आधी स्वतःचं वजन कबूल केलं, डॉक्टरांना बोलावलं आणि जानेवारी २०११ मध्ये दानीएलाच्या नावाने उपक्रम सुरू केला. पहिल्या वर्षात सुमारे १५ हजार लोकांनी मिळून अडीच लाख पौंड वजन उतरवल्याचं चर्चने सांगितलं. म्हणजे माणशी साडेसात किलो. आणि जे लहान गटात राहिले त्यांचं वजन एकट्याने धडपडणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त उतरलं, असंही त्यांचं म्हणणं होतं. मला ही तिसरी वाट आपली वाटते. पाळकाने आधी स्वतःचं सांगायचं, डॉक्टरांना बरोबर घ्यायचं आणि चार जणांनी मिळून चालायचं.

पापाचा विषय निघालाच आहे तर बोलू. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे वचन आपल्याकडे जाड माणसाला फार सहज ऐकवलं जातं. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात पौल तिथे व्यभिचाराविषयी बोलतो आहे, कुणाच्या कमरेच्या मापाविषयी नाही. मंदिराची निगा राखावी हे खरंच, पण ते वचन कुणाच्या तोंडावर फेकायला लिहिलेलं नाही. वजन वाढण्याची कारणं अनेक असतात. थायरॉइड असतो, पीसीओडी असतो, पाळी जातानाचे बदल असतात, स्टेरॉइडची किंवा मानसिक आजारावरची औषधं असतात, रात्रपाळ्या असतात, घराण्याचा बांधा असतो. प्रभू येशूलाही लोकांनी खादाड म्हणून हिणवलं होतं, कारण तो जकातदारांच्या पंगतीला बसून जेवत होता. दुसऱ्याच्या अंगावरून त्याचा विश्वास मोजू नका. आणि कृपा करून चर्चच्या दारात "काय ताई, तब्येत सुधारली बरं का" असं म्हणणं सोडून द्या. ती ताई हसते, घरी जाते आणि त्या दिवशी जास्तच खाते.

आता प्रार्थना कशी करायची, ते सांगते.

पहिल्यांदा आपली वेळ ओळखा. प्रत्येकाची एक ठरलेली पडायची वेळ असते. एक आठवडाभर साध्या वहीत लिहा की जेवणाव्यतिरिक्त कधी खाल्लं, काय खाल्लं आणि त्याआधी काय झालं होतं. कुणाची वेळ संध्याकाळी सहाची निघते. कामावरून येऊन चप्पल काढायच्या आधीच फरसाणाचा डबा उघडलेला असतो. कुणाची रात्री अकराची, सगळे झोपल्यावर मोबाइल हातात असताना. कुणाची दुपारी तीनची, सुनेशी किंवा सासूशी खटका उडाल्यावर. वेळ सापडली की प्रार्थना त्या वेळेला नेऊन बांधा. मोबाइलवर गजर लावा. आणि त्या क्षणी मोठी प्रार्थना करू नका, लहान आणि खरी करा. मी अशी करते: "प्रभू, मला आत्ता भूक नाही. मी दमले आहे आणि मला राग आलेला आहे. मी या डब्यापाशी का आले, हे तुला माहीत आहे. दहा मिनिटं माझ्याजवळ थांब." मग पाणी प्यायचं, गॅलरीत जायचं, नाहीतर कुणाला तरी फोन लावायचा. दहा मिनिटांनंतरही खरी भूक असेल तर खायचं, पण बशीत काढून, बसून. डबा मांडीवर घेऊन खाल्लेलं मोजता येत नाही.

दुसरं, जेवणाआधीची प्रार्थना. ती आपण करतोच, लहानपणापासून पाठ असते, आणि म्हणूनच ती बऱ्याचदा तोंडातल्या तोंडात होऊन जाते. एक छोटा बदल करून पाहा. ताट पूर्ण वाढून घ्या, त्यात काय आणि किती आहे ते नीट बघा आणि मग डोळे मिटा. भात कमी आणि भाजी जास्त हवी होती, हे आमेनच्या आत कळतं. आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी पुन्हा प्रार्थना करा. मोठ्याने नको, मनात. पहिल्या वाढीला आभार मानले, तसे दुसऱ्या वाढीलाही मानता येतात का, एवढंच स्वतःला विचारा. येत असतील तर खुशाल घ्या. आमच्या भगिनी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या की बहुतेक वेळा दुसरी प्रार्थना सुरू केली की हात आपोआप थांबतो, कारण पोट भरलेलं आहे हे देवासमोर नाकारता येत नाही.

तिसरी गोष्ट खास आयाबहिणींसाठी आहे, आणि माझ्या मते आपल्या घरांतलं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. रात्री साडेनऊला सगळ्यांची जेवणं आटोपलेली असतात. धाकट्याने अर्धी पोळी ताटात टाकलेली असते. पातेल्यात पळीभर भात आणि तळाशी आमटी असते. कढईत बटाट्याच्या चार फोडी, तेलात निथळत असलेल्या. एवढंसं कशाला ठेवायचं, फ्रिजमध्ये जागा नाही, अन्न टाकणं पाप आहे. मग ओट्याशी उभ्या उभ्या ते सगळं पोटात जातं. आपलं जेवण झालेलं असतं, भूक नसते. हे रोज रात्री होतं, आणि ते खाणं आपण खाण्यात धरतच नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट आहे. सगळे पोटभर जेवल्यावर काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला प्रभूने शिष्यांना सांगितलं आणि बारा टोपल्या भरल्या. प्रभूने शिष्यांना ते तुकडे संपवायला सांगितलं नाही. गोळा करायला सांगितलं. अन्न वाया घालवायचं नाही, हे प्रभूचंच शिकवणं आहे, पण ते वाचवण्यासाठी त्याने कुणाचं पोट टोपलीसारखं वापरलं नाही. उरलेला भात झाकून ठेवा, सकाळी फोडणीचा होईल. पोळीचा सकाळी कुस्करा होईल. कामाला येणाऱ्या बाईला ताजं असतानाच विचारा. आणि उद्यापासून पावशेर कमी शिजवा. ओट्याशी हात पुसून, भांडी घासायला घ्यायच्या आधी, "प्रभू, या घरातलं आजचं जेवण झालं, तुझे आभार" एवढं म्हणा आणि स्वयंपाकघर बंद झालं असं समजा. मी हे करून पाहिलं आहे. पहिले काही दिवस फार अवघड जातं, कारण आईची शिकवण हाडात असते.

तेलाचंही असंच आहे, तेही आपण मोजत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यांतल्या दिवसाच्या नमुना आहारात मोठ्या माणसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चार जणांच्या घराला महिन्याला ते साधारण साडेतीन लिटर होतं. या महिन्याचं रेशन भरताना दुकानदाराच्या पावतीवर तेलाच्या किती पिशव्या आहेत ते बघा. प्रार्थना तिथेही चालते, वाण्याच्या यादीसमोर.

उपासाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे उपास-प्रार्थनेची परंपरा मोठी आहे आणि वजन उतरवायला तिचाच वापर करावा असं अनेकांना वाटतं. उपास म्हणजे डाएट नव्हे. यशयाच्या ५८ व्या अध्यायात देवाला हवा असलेला उपास कोणता ते सांगितलं आहे, त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं आहे. वजन घटवण्यासाठी उपास केला तर त्यातून देव बाजूला पडतो आणि काटा मधे येतो. शिवाय आपला उपास सुटतो कसा, तेही पाहा. शुक्रवारी दुपारपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि प्रार्थना संपली की गोड चहा, दोन वडे, जिलबी, आणि घरी जाऊन पोटभर भात. शरीराला याने काही मिळत नाही. उपास साध्या जेवणाने सोडा: भाकरी, मुगाची उसळ, ताक.

कॅथलिक बंधुभगिनींचा नियम इथे सगळ्यांनीच लक्षात घेण्यासारखा आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी उपास, तोही १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांना, आणि त्यात एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं चालतं. आजाऱ्याला सूट आहे. चर्चने आजाऱ्याला सूट देताना त्याचा विश्वास कमी धरलेला नाही. ज्यांना इन्शुलिन सुरू आहे किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या सुरू आहेत, त्यांची साखर उपाशीपोटी धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी करू नये, वाढत्या मुलामुलींकडून करवून घेऊ नये. आणि कुणी मुलगी जेवणच टाळत असेल किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढत असेल, तर तिला उपासाची नाही, लगेच डॉक्टरांची गरज आहे. अशा मुलीचं धार्मिक शब्दांत कौतुक करू नका. उपासाच्या काळात ज्यांना अन्न सोडता येत नाही त्यांनी साखर सोडावी, बाटलीतली थंड पेयं सोडावीत, रात्रीचा मोबाइल सोडावा, आणि वाचलेले पैसे यशयाने सांगितलं तिथे जाऊ द्यावेत.

दानीएलाचंही नाव आपण घेतो. त्याने आणि त्याच्या तिघा मित्रांनी राजाचं मिष्टान्न नाकारलं आणि दहा दिवस डाळी-भाज्या आणि पाण्यावर राहून दाखवलं. पण ते चौघे होते, हे आपण विसरतो. बाबेलच्या राजवाड्यात एकट्याने राजाचं ताट नाकारणं कितपत जमलं असतं, कोण जाणे.

म्हणून गट हवा. तीन-चार जणांचाच हवा. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. सगळ्या मंडळीसमोर वजन करण्याचे कार्यक्रम कृपया ठेवू नका. मोठमोठ्याने आकडे सांगितले की जिंकलेल्याला टाळ्या मिळतात आणि मागे राहिलेली पुढच्या रविवारी चर्चला येत नाही. गटात एकमेकींना किलो विचारू नका. या आठवड्यात तुझी ती वेळ कशी गेली, झोप झाली का, औषध घेतलंस का, प्रार्थना कशासाठी करू, एवढं विचारा. काट्यावर पंधरा दिवसांतून एकदा उभं राहिलं तरी पुरे. जिचा आठवडा बिघडला तिच्यासाठी आधी प्रार्थना करा, आणि त्या प्रार्थनेत उपदेश घालू नका. "हे प्रभू, आमच्या बहिणीला अक्कल दे" अशी प्रार्थना मी ऐकलेली आहे. ती प्रार्थना देवासाठी नसते, त्या बहिणीने ऐकावी म्हणून असते.

चालणंही गटानेच होतं. सकाळी अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झाली १५० मिनिटं. चालताना गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी मनात प्रार्थना करत जा. कुणाकडे आजारी माणूस आहे, कुणाचं भांडण कोर्टात आहे, हे आपल्याला ठाऊक असतंच. पुरुष मंडळींनीही करून पाहावं. आपल्या वजनाचा विचार करत चालणारा आठवडाभरात कंटाळतो, दुसऱ्यासाठी प्रार्थना करत चालणारा टिकतो, असा माझा अनुभव आहे.

आणि झोप. एलीया संदेष्टा थकून रानात झाडाखाली बसला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला बोल लावला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे आज डॉक्टरही सांगतात. आपल्या मंडळीत अशा कितीतरी बायका आहेत, ज्या नवरा गेल्यापासून किंवा मुलगा परगावी गेल्यापासून रात्री जाग्या असतात आणि खातात. त्यांना वजनाचा तक्ता देऊ नका. त्यांच्याकडे संध्याकाळी जा, त्यांच्याबरोबर बसून जेवा. दुःखाला रडून वाट मिळाली नाही तर ते खाण्यातून बाहेर येतं, आणि स्तोत्रसंहितेत रडण्याच्या प्रार्थनाही पुष्कळ आहेत.

पाळकसाहेबांना आणि पंचांना माझी वेगळी विनंती आहे. उपासनेनंतर आपण काय वाटतो ते एकदा बघा. बिनसाखरेच्या चहाची एक किटली वेगळी ठेवा, तिच्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे मागायला लाज वाटणार नाही. खारी आणि क्रीमच्या बिस्किटांबरोबर फुटाणे, शेंगदाणे, केळी, काकडीच्या फोडी ठेवता येतात आणि खर्चही तेवढाच येतो. प्रीतिभोजनाला बिर्याणी असू द्या, पण बरोबर भरपूर कोशिंबीर आणि ताक हवं, आणि वाढणाऱ्यांनी आग्रह करू नये. नाताळात करंज्या, शंकरपाळे, केक खा, आनंदाने खा. त्याबद्दल कुणाला अपराधी वाटायला लावू नका. प्रभूचा जन्मदिवस आहे. त्रास नाताळचा नसतो, नाताळचे डबे जानेवारीच्या अखेरीपर्यंत पुरतात त्याचा असतो. आणि पुलपिटवरून कुणाच्याही अंगावर विनोद करू नका, स्वतःच्याही नको.

डॉक्टरांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं अजूनही काही सभांमधून सांगितलं जातं. ते ऐकू नका. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता. आपल्या महाराष्ट्रात मिशनने चर्चबरोबर दवाखानेही उभे केले. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं आणि पुढे कितीएक ख्रिस्ती मुली तिथे नर्स होऊन बाहेर पडल्या. ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी आता वजनावरची औषधंही आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. डॉक्टरांनी तपासून दिली तर घ्या, मैत्रिणीचं बघून घेऊ नका. औषध घेत असलात तरी प्रार्थना करता येते, आणि प्रार्थना करत असलात तरी थायरॉइडची तपासणी करावीच लागते.

तर या आठवड्यात एवढं करा. मंडळीतल्या तिघीचौघींना फोन करा, त्यांत एक निवृत्त नर्स जरूर असू द्या. आपल्या जवळजवळ प्रत्येक मंडळीत एखादी तरी असतेच, बीपीचं यंत्र तिच्या पर्समध्ये असतं आणि तिचं म्हणणं कुणी टाळत नाही. गुरुवारी संध्याकाळी एकीच्या घरी बसा. वही, मोजायची टेप आणि गेल्या वर्षातले रक्ताचे रिपोर्ट बरोबर आणा. ज्यांच्या शुगरची तपासणी वर्षभरात झाली नाही त्यांची तारीख तिथेच ठरवा. प्रत्येकीने आपली ती वेळ कोणती ते सांगावं, दुसरीने ती लिहून घ्यावी आणि त्या वेळेला तिला फोन करायचं कबूल करावं. मग प्रार्थना करा. यजमानीणबाईंनी चहा बिनसाखरेचाच करावा.